मोतीची गुरगुर

सांगलीच्या गणपती पेठेतील ते घर बाहेरून कोणत्याही जुन्या व्यापारी घरासारखेच दिसते. पुढे बेदाण्याची पेढी, मागे शहाबादी फरशीचा चौक, चौकाच्या कडेने स्वयंपाकघर आणि कोठीची खोली, आणि वर जाणारा लाकडी जिना. घरातील थोरल्यांना बाजारात सारेच अण्णा म्हणतात आणि त्यांच्या पत्नीला आक्का. मुलगा तासगावच्या सौद्यांना जातो, सूनबाई पेढीचे हिशेब सांभाळतात आणि आठ वर्षांचा नातू शाळेतून येताच दप्तर जिन्यावर टाकून चौकात धावतो. चौकात तीन कुत्र्यांचे वास्तव्य आहे.

त्यांतला मोती सर्वांत जुना. पेढीच्या पायरीखाली जन्मलेला, पेठेतल्याच एका कुत्रीचा हा पिल्लू दहा वर्षे या घराचा होऊन राहिला. काळी आली ती २०१९ च्या महापुरानंतर. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ४५ फुटांची धोक्याची पातळी मागे टाकून ५७ फूटही ओलांडले होते. कुटुंब वरच्या मजल्यावर अडकले होते. पाणी उतरल्यावर पेढीच्या ओट्यावर चिखलाने माखलेली, बरगड्या मोजता येतील अशी एक तरणी कुत्री बसलेली आढळली. आक्कांनी तिला ताक-भाकरी घातली. तिने अर्धी भाकरी खाल्ली आणि उरलेली अर्धी तोंडात धरून कुंडीमागे पुरून ठेवली. सगळे हसले. त्या हसण्याचा अर्थ पुढे चार वर्षांनी लागला. तिसरा बंट्या पुण्याच्या एका नातलगांचा. ते परदेशी गेले आणि त्यांचा लॅब्राडोर २०२२ मध्ये येथे आला. दिसेल ते गिळणे हाच त्याचा स्वभाव होता. कोणाशी वैर नाही आणि कोणाचे भानही नाही.

या घरात सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपतात. आक्कांनी त्याच वेळी कुत्र्यांचीही पंगत मांडायची प्रथा पाडली. चौकात भिंतीशी तीन ताटल्या ओळीने मांडलेल्या असत, त्यांत भाकरी, ताक आणि वरून थोडे तयार शाकाहारी खाद्य. सोयरे-धायरे आले की त्यांना ती पंगत मुद्दाम दाखवली जाई. तीन मुके जीव एका रांगेत जेवतात, हे दृश्य पाहणाऱ्याला गोड वाटे. काळी आपली ताटली झपाट्याने संपवी आणि मोतीकडे वळे. मोती खायचा थांबे, मान ताटलीवर धरी, अंग ताठ करी आणि डोळ्यांच्या कडेने, पांढरे दिसेल असे, तिच्याकडे पाही. मग हळूच बाजूला होई. घरचे म्हणत, "मोती किती शहाणा, लहानांना देऊन खातो."

ते शहाणपण नव्हते. खाताना एकाएकी स्तब्ध होणे, घास घाईने गिळणे, मान खाली घालून अन्न अंगाखाली घेणे, नजर तिरकी करणे या साऱ्या कुत्र्याने दिलेल्या सूचना असतात. त्यांचा अर्थ एकच: हे माझे आहे, जवळ येऊ नकोस. या सूचना वाया गेल्या की पुढची पायरी ओठ उचलण्याची, मग गुरगुरण्याची, मग हवेत दात आपटण्याची आणि शेवटी चावण्याची. माणसे बहुधा चौथ्या-पाचव्या पायरीवर जागी होतात आणि म्हणतात, काही कारण नसताना चावला.

२०२३ च्या उन्हाळ्यात मोती गुरगुरू लागला. वय झाले होते, खाणे मंदावले होते आणि काळीला थांबायला आता जास्त वेळ मिळत असे. अण्णांना ती गुरगुर मुळीच खपली नाही. घरात आवाज चढवून बोलायची रीत नाही; मग अन्नावर बसून गुरगुरणे कसे चालेल? मोती गुरगुरला की ते वर्तमानपत्राची गुंडाळी जमिनीवर आपटत आणि "गप!" म्हणून दरडावत. पंधरा-वीस दिवसांत गुरगुर थांबली. अण्णा समाधान पावले आणि नातवाला म्हणाले, "बघ, शिस्त लावली की जनावरसुद्धा ऐकतं."

श्रावणातल्या एका संध्याकाळी मोती गुरगुरला नाही. काळीने मान पुढे केली आणि पुढच्या क्षणी दोघे एकमेकांना भिडले होते. नातू जवळच होता. त्याने काळीचा पट्टा ओढायला हात घातला आणि मनगटावर दात रुतले. कोणाचे, ते आजतागायत कोणाला ठाऊक नाही. आक्कांनी जवळचे पितळी पातेले फरशीवर आपटले, त्या आवाजाने दोघे क्षणभर सुटले आणि सूनबाईंनी धान्याचा सूप मधे धरून मोतीला कोठीत लोटले. काळीचा कान फाटला होता. मुलाच्या मनगटातून रक्त येत होते.

सूनबाईंनी पहिली गोष्ट योग्य केली. हळद, चुना काही न लावता जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुतली. मुलगा रडत होता, आक्का घड्याळ पाहत होत्या, पण नळ बंद केला नाही. तिन्ही कुत्र्यांना दरवर्षी रेबीजची लस दिली जात असे. तरीही डॉक्टरांनी पहिली मात्रा त्याच रात्री दिली. रक्त आलेले असल्याने जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही भरले आणि पुढच्या मात्रांचे दिवस लिहून दिले: तिसरा, सातवा, चौदावा, अठ्ठाविसावा. कुत्र्यांवर दहा दिवस नजर ठेवायला सांगितले. घरच्या कुत्र्याने चावले म्हणून लस टाळणारी माणसे आपल्या ओळखीत निघतात, म्हणून एवढे सविस्तर लिहिले.

घरात त्या रात्री झालेले बोलणे मात्र अधिक अवघड होते. अण्णांचा निर्णय झाला होता. काळीला मिरजेपलीकडच्या एका ओळखीच्या द्राक्षबागायतदाराकडे सोडायचे. "घरचा मोती असं करणार नाही. बाहेरची आली आणि बिघडलं." आक्का काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारले की पुरानंतर ती ओट्यावर बसली होती, तेव्हा तिला आत कोणी घेतले होते. घेतले होते अण्णांनीच.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले येऊ लागले. एका परिचितांनी प्रशिक्षक पाठवला. त्याने सांगितले, कुत्र्याला मालक कोण ते कळले पाहिजे. ताटलीत हात घाला, काढून घ्या, गुरगुरला तर उलटा पाडून दाबून धरा आणि आधी माणसांनी खाऊन दाखवा. दुसऱ्या एकाने दोन दिवस उपाशी ठेवण्याचा उपाय सुचवला; भुकेने माज उतरतो म्हणाला. अण्णा रोज पहाटे स्वाध्यायाला बसतात. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार त्यांना पाठ आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. उपवास स्वतःचा असतो, दुसऱ्याच्या ताटलीचा नव्हे, एवढे बोलून त्यांनी तो विषय मिटवला. उलटे पाडण्याचा प्रयोग मात्र एकदा झाला. मोती मूत झाला आणि दिवसभर जिन्याखालून बाहेर आला नाही.

'मालक कोण' या कल्पनेमागे एक इतिहास आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या 'द वुल्फ' या ग्रंथामुळे कळपाच्या 'अल्फा' लांडग्याची कल्पना सर्वदूर पसरली. ती मुख्यतः पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या, परस्परांना अनोळखी लांडग्यांच्या निरीक्षणावर आधारलेली होती. पुढे मेक यांनी उत्तर कॅनडात मोकळ्या लांडग्यांचा अभ्यास केला. तेव्हा कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पिल्ले असे एक कुटुंबच असते, हे त्यांच्या ध्यानी आले. १९९९ मध्ये त्यांनी तसा शोधनिबंध लिहिला आणि आपले जुने पुस्तक छापणे थांबवावे म्हणून प्रकाशकाच्या मागेही लागले. आपल्याच जुन्या खात्यावर लाल शाईने दुरुस्ती करणारा माणूस व्यापाऱ्याला कळावा. दुर्दैवाने दुरुस्ती गल्लोगल्ली पोहोचत नाही, चूक मात्र पोहोचते.

सूनबाईंनी शेवटी मोतीला पशुवैद्यांकडे नेले. मुलाचे मनगट बरे होत होते आणि काळीला सोडून येण्याचा दिवस ठरला होता; तो त्यांनी आठ दिवस पुढे ढकलून घेतला. डॉक्टरांनी मोतीचे तोंड उघडून पाहिले. मागची एक दाढ हलत होती आणि हिरडी सुजली होती. मागच्या पायांच्या खुब्यात संधिवात होता. खाताना दुखत होते, उठून बाजूला होताना दुखत होते आणि अशा वेळी दुसरा कुत्रा तोंडाशी येत होता. मग त्यांनी एक प्रश्न विचारला: "हा आधी गुरगुरायचा का?" गुरगुरायचा, पण थांबवले, असे सूनबाईंनी सांगितले. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही त्याची घंटा काढून घेतलीत. आग तशीच राहिली."

घरी येऊन सूनबाईंनी ते वाक्य जसेच्या तसे सांगितले. सासऱ्यांसमोर असे बोलणे सोपे नसते. अण्णांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि पेढीवर निघून गेले. बागायतदाराला फोन मात्र त्या आठवड्यात झाला नाही.

दाढ काढली. खुब्यांसाठी औषध सुरू झाले. पंगत त्याच दिवशी बंद झाली. पहिला बदल असा की शिकवणे नंतर, आधी प्रसंगच येऊ द्यायचा नाही. मोतीची ताटली कोठीत, काळीची जिन्याखाली नव्याने बसवलेल्या लाकडी फाटकाआड, बंट्याची मागच्या व्हरांड्यात. तिन्ही दारे लागल्याखेरीज एकही ताटली खाली ठेवायची नाही आणि तिन्ही ताटल्या उचलून धुतल्याखेरीज एकही दार उघडायचे नाही. रिकामी ताटलीसुद्धा भांडणाला पुरते, हे घराने एकदा पाहिले होते. चघळण्याच्या वस्तू चौकातून हद्दपार झाल्या. पाण्याची भांडी एकाची तीन झाली आणि तीन कोपऱ्यांत गेली. कुत्रा दारात अडकून गर्दी होते तिथेही ठिणगी पडते, म्हणून पेढीचे दार उघडताना एकेकाला नावाने बोलावून बाहेर सोडायचे ठरले. हे सारे दिसायला फार क्षुल्लक आहे. परंतु दुकानात मालाची हलवाहलव टाळून जशी निम्मी नासधूस वाचते, तशी निम्मी भांडणे येथे दारांनीच वाचली.

आक्कांना दारे बंद करणे रुचले नाही. "हा बंधच की," त्या म्हणाल्या. दहा मिनिटे निर्धास्त खायला मिळावे म्हणून लावलेले दार आणि कोंडून घालण्यासाठी लावलेले दार यांत फरक आहे, हे त्यांना बोलून पटले नाही. तिसऱ्या दिवशी मोती ताटलीपुढे खाली बसून, अगदी सावकाश, अधूनमधून डोळे मिटत खाताना त्यांनी दाराच्या फटीतून पाहिला. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

आक्कांचाही एक भाग त्या गोष्टीत होता, तो उशिरा ध्यानात आला. कुत्री केवळ अन्नच राखत नाहीत. जागा राखतात, माणूस राखतात. काळी आक्कांना राखत असे. त्या झोपाळ्यावर बसल्या की ती पायाशी येई आणि मोती जवळ आला की ताठ होई. आक्का तिला थोपटून म्हणत, "नाही गं, नाही गं." त्या थोपटण्याने काळीला कळे ते असे की ताठ झाले की माया मिळते. आता काळी ताठ झाली की आक्का काही न बोलता उठून स्वयंपाकघरात जाऊ लागल्या. जिच्यासाठी पहारा, तीच निघून गेल्यावर पहारा कसला! अडचण फक्त सामायिकाची होती. अठ्ठेचाळीस मिनिटे आसन सोडता येत नाही. त्या वेळेपुरती तिन्ही कुत्री पेढीत अण्णांच्या ताब्यात गेली आणि अण्णांचा या कामात प्रवेश झाला तो असा.

शिकवण्याचे काम सूनबाईंनी फरश्यांवर मोजले. मोती कोठीच्या उंबऱ्याशी, समोर थोडे अन्न. चौकाच्या पार दुसऱ्या टोकाला नातवाचे वडील काळीला साखळीने धरून उभे. काळी दिसली की मोतीपुढे पनीरचा तुकडा पडायचा, काळी भिंतीआड गेली की पनीर बंद. तिकडे काळीलाही, मोतीकडे पाहून पुन्हा माणसाकडे वळली की, तिचा तुकडा. एवढेच, दिवसातून दोन वेळा, पाच मिनिटे. मोतीचे अंग सैल राहिले तर दुसऱ्या दिवशी एक फरशी पुढे. ताठ झाला तर दोन फरश्या मागे. आजवर ज्याच्या येण्याने ताटलीतले जाते असे वाटत होते, त्याच्या येण्याने ताटलीत भर पडते, हे कुत्र्याच्या अंगात मुरावे लागते. बुद्धीला पटवून तेथे भागत नाही. पहिल्या सात फरश्या दहा दिवसांत झाल्या. आठवीला पाच आठवडे लागले.

याच दिवसांत दुसरा धडा अदलाबदलीचा. तोंडातले काही सोडले की त्याहून चांगले मिळते आणि बहुधा सोडलेलेही परत मिळते. हिसकावून घेणाऱ्या हातापासून कुत्रा वस्तू वाचवतो. देणाऱ्या हाताची वाट पाहतो. नातवाला या कामातून दूर ठेवले होते. त्याच्यासाठी एकच नियम होता, खाणाऱ्या कुत्र्याजवळ जायचे नाही आणि भांडणात हात घालायचा नाही. त्याने तो नियम खडूने कोठीच्या दारावर लिहिला, शुद्धलेखनाच्या दोन चुकांसह.

या घरात कांदा-लसूण शिजत नाही, आणि ते दोन्ही कुत्र्यांना विषारी असल्याने तेवढी एक चिंता नव्हती. पण ज्या मालावर घर चालते तोच बेदाणा कुत्र्यांना घातक आहे. द्राक्षे आणि बेदाणे खाल्ल्याने काही कुत्र्यांचे मूत्रपिंड निकामी होते; किती खाल्ल्याने होईल हे आधी सांगता येत नाही. त्यातील टार्टारिक आम्ल त्याला कारण असावे, असे मत २०२१ पासून पुढे आले आहे. बेदाण्याच्या पेढीत कुत्रे पाळताना हे ठाऊक नसणे ही या घराची खरी चूक होती, आणि इतकी वर्षे ती नशिबाने निभावली.

दिवाळीनंतरच्या एका दुपारी पेढीतून नमुन्याची पिशवी चौकात पडून राहिली. सूनबाई वरून खाली आल्या तेव्हा बंट्याने ती फाडली होती. काळीने त्याला हुसकावले होते आणि आता ती फाटक्या पिशवीवर चारी पाय रोवून उभी होती, मान खाली, पाठ ताठ. मोती तीन फरश्यांवर होता. अण्णा बाजारात, आक्का मंदिरात. धावून पिशवी ओढली तर काळी चावणार, आणि चावली नाही तर उरलेले बेदाणे दोन घासांत गिळणार. दोन्ही सारखेच वाईट. त्या धावल्या नाहीत. उलट वळल्या, स्वयंपाकघरातून पनीरचा डबा आणला, डब्याचे झाकण वाजवले आणि नेहमीच्याच स्वरात हाक मारली, "काळी." दोन महिने रोज ऐकलेली हाक होती ती. काळीचे कान हलले. पहिला तुकडा तिच्यापासून हातभर पडला, दुसरा फाटकाच्या वाटेवर, तिसरा फाटकाआड. ती गेली. फाटक लागले. मग मोती कोठीत, मग पिशवी.

बंट्याने मूठभर तरी बेदाणे खाल्ले होते. तासाभरात दोघेही दवाखान्यात होते. दोघांना उलटी करवली. बंट्याला दोन दिवस सलाईन लावून ठेवले आणि रक्तातील क्रिएटिनिन पुन्हा पुन्हा तपासले. ते वाढले नाही. त्या दिवसापासून नमुन्याच्या पिशव्या पत्र्याच्या पेटीत जातात आणि पेटीची किल्ली अण्णांच्या कमरेला असते.

सगळे सुधारले असे म्हणणे खोटे ठरेल. काळी अजूनही कुंडीमागे भाकरी पुरते. पुरात काय सोसले ते तिचे तिलाच ठाऊक. भूक आणि भय या दोन संज्ञा तिच्यात एकमेकींना अशा चिकटल्या आहेत की कोणती कोठे संपते ते सांगता येत नाही. मोती आणि काळी आता चौकात चार फरश्यांच्या अंतराने शेजारी झोपतात, पण तीन दारांची रीत चालूच आहे आणि ती कधी सुटेल अशी कोणाची अपेक्षाही नाही. पाहुणे आले की विचारतात, पंगत का मोडली? आक्का विषय बदलतात.

फाल्गुनात एका संध्याकाळी सूनबाई वर होत्या आणि कोठीचे दार लावायचे राहून गेले. अण्णा दिवसभराची पावती-पुस्तके आवरत होते. आतून एक खोल, लांब गुरगुर आली. जवळजवळ सात महिन्यांनी. नातू दचकून म्हणाला, "अण्णा, मोती!" अण्णांचा हात सवयीने वर्तमानपत्राकडे गेला आणि तेथेच थांबला. ते उठले, चौकात आले. काळी कोठीच्या उंबऱ्यावर उभी होती. त्यांनी तिला नावाने हाक मारली, खिशातून काहीतरी काढून तिच्यापुढे टाकले आणि तिला फाटकाआड नेले. परत येताना कोठीचे दार हलकेच ओढून घेतले. आत मोती अजून बारीक गुरगुरत होता.

"त्याला गप करायचं नाही?" नातवाने विचारले.

"नको," अण्णा म्हणाले, "सांगू दे त्याला," आणि दार नीट लागले की नाही ते पुन्हा एकदा हाताने ढकलून पाहिले.